काट्यावरचं वजन पावतीपर्यंत: लिनक्सच्या मेसेज क्यूसोबतचा एक हंगाम

वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आमच्या विश्रामबागच्या ऑफिसकडे आलं, तेव्हा सगळी कामं एकच प्रोग्राम करत होता. इंडिकेटरकडून, म्हणजे काट्याचं वजन दाखवणाऱ्या यंत्राकडून, सिरियल केबलवरून वजन वाचायचं, डेटाबेसमध्ये नोंद करायची, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर पावती छापायची, बाहेरच्या फलकावर आकडा दाखवायचा आणि शेतकऱ्याला एसएमएस पाठवायचा. सगळं एकापाठोपाठ. एसएमएसच्या मॉडेमला रेंज मिळाली नाही की प्रोग्राम तिथेच अडायचा, आणि तो अडला की काटा अडायचा.

हंगामात रात्री काटा अडतो म्हणजे काय होतं, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत जातात, बैलं जुवाखाली तशीच उभी राहतात, आणि तोडलेला ऊस उभ्या उभ्या वाळून वजनाला कमी होत जातो. शेतकऱ्याचं बिल टनावर निघतं. त्यामुळे या कामाकडे मी पहिल्या दिवसापासून त्याच्या पैशाचं काम म्हणूनच पाहिलं.

इंडिकेटरवर वैधमापन शास्त्र विभागाचं सील असतं, त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. आमचं काम त्याच्या पुढचं. एका प्रोग्रामचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा म्हणजे स्वतंत्र चालणारा प्रोग्राम, प्रोसेस: वजन वाचणारी प्रोसेस वेगळी, नोंद करणारी वेगळी, छपाई, फलक आणि एसएमएस यांच्या वेगळ्या. एक पडली तरी बाकीच्या चालू राहिल्या पाहिजेत. मग राहतो एकच प्रश्न: या आपसात बोलणार कशा?

ऑफिसात सरांनी आधी रॅबिटएमक्यूचं, म्हणजे प्रोग्रामांचे निरोप पोचवणाऱ्या वेगळ्या सर्व्हरचं, नाव काढलं. वाईट पर्याय नव्हता, पण सगळ्या प्रोसेस एकाच मशीनवर होत्या. काटाघरात रात्री एक क्लार्क असतो, दुसरं कोणी नाही. तिथे आणखी एक सर्व्हर ठेवायचा, तो बंद पडला तर फोनवरून चालू करायला सांगायचं, हे मला पटेना. मी म्हटलं, "सर, कर्नेलमध्येच मेसेज क्यू आहे. वेगळं काही बसवायला नको." मेसेज क्यू म्हणजे निरोपांची रांग, आणि ती सांभाळतो कर्नेल, लिनक्सचा गाभा. ते म्हणाले, "करून दाखव."

पाइपचा, म्हणजे दोन प्रोसेसना जोडणाऱ्या नळीचा, विचार मी केला होता. पाइपमधून नुसते बाइट वाहतात, एक निरोप कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे आपणच ओळखायचं. शिवाय वाचणारी प्रोसेस मेली की पाइपही तुटतो. मेसेज क्यूमध्ये निरोप अख्खा टाकायचा आणि अख्खाच मिळतो, अर्धा कधीच नाही. आणि घेणारा त्या क्षणी हजर नसला तरी निरोप कर्नेलकडे थांबून राहतो. पावतीसाठी मला नेमकं हेच हवं होतं.

लिनक्सवर अशा क्यू दोन प्रकारच्या मिळतात. जुनी सिस्टीम व्ही पद्धत, म्हणजे एमएसजीगेट, एमएसजीएसएनडी, एमएसजीआरसीव्ही हे कॉल. आणि नंतरची पॉझिक्स पद्धत, जी लिनक्समध्ये २००४ साली २.६.६ या कर्नेलपासून आली. सिस्टीम व्हीची एक गोष्ट मला खरंच आवडते: प्रत्येक निरोपाला प्रकाराचा आकडा असतो आणि घेणारा हव्या त्या प्रकाराचाच निरोप उचलू शकतो. पण तिथे क्यूची ओळख एका की-वर ठरते, ती की बहुतेक वेळा एफटॉक या फंक्शनने एखाद्या फाइलवरून काढतात, आणि ती फाइल पुसून पुन्हा बनवली तर की बदलू शकते. शिवाय त्या क्यूवर पोल किंवा ईपोल, म्हणजे एकाच वेळी अनेक गोष्टींची वाट बघायची सोय, चालत नाही. पॉझिक्सच्या क्यूला सरळ नाव असतं, सुरुवातीला एक तिरकी रेघ आणि पुढे आपण देऊ ते. लिनक्सवर तिचा डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडल्यावर मिळणारा ओळखीचा आकडा, हा फाइल डिस्क्रिप्टरच असतो, त्यामुळे ईपोलमध्ये प्रिंटर, टायमर आणि क्यू शेजारीशेजारी ठेवता येतात. मी पॉझिक्स घेतली.

निरोपाचा आकार ठरवताना मराठीने थोडा वेळ घेतला. शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर असं सगळं निरोपात घालायचं म्हटलं तर यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना-मात्रा-वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. चाळीस चिन्हांचं नाव म्हणजे १२० बाइट. म्हणून निरोपात फक्त टोकन नंबर, वाहनाचा कोड, भरलेलं की रिकामं, किलोतलं वजन आणि वेळ एवढंच ठेवलं. नाव-गाव छपाईच्या वेळी डेटाबेसमधून घ्यायचं. २५६ बाइटमध्ये सगळं बसलं, वर जागाही उरली.

पुढे मर्यादांशी गाठ पडली. साध्या युझरला एका क्यूत मूळ सेटिंगप्रमाणे १० च निरोप ठेवता येतात आणि एक निरोप ८१९२ बाइटपर्यंत असू शकतो. प्रिंटरचा कागद अडकला की १० पावत्या बघता बघता साचतात. एफएस डॉट एमक्यू डॉट एमएसजी-मॅक्स ही सेटिंग मी २५६ केली. पण तेवढं करून भागत नाही. एका युझरच्या सगळ्या क्यूंना मिळून मेमरीची वेगळी मर्यादा असते, ती मुळात ८,१९,२०० बाइट. आकार ८१९२ च ठेवून २५६ निरोपांची क्यू मागितली तर वीस लाखांवर बाइट होतात, आणि क्यू उघडणारा कॉल, एमक्यू_ओपन, नकार देतो. नकारही असा येतो की 'फार फाइली उघड्या आहेत'. हा शब्द वाचून माणूस उघड्या फाइली मोजत बसतो. खरं कारण मेमरीचं असतं. आमचा निरोप २५६ बाइटचा असल्यामुळे क्यूला नव्वद हजार बाइटच्या आसपास लागले आणि सगळ्या क्यू मर्यादेत बसल्या.

आणखी दोन बारीक गोष्टी. निरोप घेणाऱ्या एमक्यू_रिसीव्हला दिलेला बफर क्यूच्या कमाल आकाराएवढा लागतोच, येणारा निरोप छोटा असला तरी. आणि क्यू बनवताना ग्रुपला लिहायची परवानगी दिली तरी युमास्क, म्हणजे नव्या फाइलींच्या परवानग्यांना कात्री लावणारी सेटिंग, ०२२ असेल तर ती गुपचूप कापली जाते. फलकाची प्रोसेस दुसऱ्या युझरखाली चालणार होती, म्हणून हे आधीच बघून घेतलं.

सगळ्यात जास्त विचार मात्र एकाच गोष्टीवर झाला: क्यू भरली तर काय करायचं? प्रत्येक क्यूसाठी उत्तर वेगळं निघालं, आणि माझ्या मते मेसेज क्यूचं डिझाइन म्हणजे मुख्यतः हीच उत्तरं.

फलकाचं सोपं होतं. तिथे वजन सेकंदाला कितीतरी वेळा जातं आणि फक्त शेवटचं महत्त्वाचं. वाचणारी प्रोसेस न थांबता टाकते, जागा नसेल तर सोडून देते. फलकाची प्रोसेस क्यू रिकामी होईपर्यंत सगळं उचलते आणि शेवटचा आकडा दाखवते. पण एक काळजी घेतली: दोन सेकंद काही आलं नाही तर फलकावर आडव्या रेघा येतात. आधीच्या गाडीचा आकडा पुढच्या गाडीसमोर दिसणं मला चालणार नव्हतं. काट्यावरच्या माणसाचा विश्वास त्या लाल आकड्यांवर असतो.

एसएमएसची क्यू भरली तर निरोप सोडून द्यायचा, डेटाबेसमध्ये 'पाठवायचा आहे' अशी खूण राहते, नंतर जाईल. छपाईला मुदत घालून थांबायचं. इथे मुदत घालून निरोप टाकणाऱ्या एमक्यू_टाइम्डसेंडला 'पाच सेकंद' असं सांगता येत नाही, घड्याळातली नेमकी वेळ द्यावी लागते. मशीनचं घड्याळ मध्येच दुरुस्त झालं तर मुदतही सरकते, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आणि नोंदीची क्यू. तिथे काहीही सोडायचं नाही. क्लार्कने 'वजन पक्कं' दाबलं की निरोप नोंदीकडे जातो, नोंदीची प्रोसेस तो डेटाबेसमध्ये लिहिते, डिस्कवर गेल्याची खात्री झाली की परतीच्या वेगळ्या क्यूवर पोच देते, आणि तेव्हाच क्लार्कच्या स्क्रीनवर हिरवी खूण येते. छपाई आणि एसएमएसला निरोप जातात ते त्यानंतर, नोंदीच्या प्रोसेसकडूनच. कारण एका क्यूतला निरोप एकालाच मिळतो, ज्याने आधी उचलला त्याला. तोच निरोप तिघांना हवा असेल तर तीन क्यू लागतात.

डिस्क आधी, क्यू नंतर, हा क्रम मी कुठेही मोडू दिला नाही. पॉझिक्स क्यूतले निरोप प्रोसेस मेली तरी राहतात, पण मशीन बंद पडलं की जातात. ते कर्नेलच्या मेमरीत असतात. म्हणून मशीन सुरू होताना नोंदीची प्रोसेस न छापलेल्या पावत्या डेटाबेसमधून शोधून पुन्हा क्यूत टाकते. यात एखादी पावती दोनदा छापली जाऊ शकते, छापून झाली आणि खूण करायच्या आत वीज गेली तर. म्हणून पुन्हा क्यूत टाकलेल्या पावतीवर तोच नंबर आणि 'दुय्यम प्रत' असे शब्द येतात. हिशेबाला नंबर एकच.

प्राधान्याबद्दलही सांगते. पॉझिक्स क्यूत प्रत्येक निरोपाला प्राधान्य देता येतं, वरच्या प्राधान्याचा निरोप आधी मिळतो, सारख्या प्राधान्यात आधी आलेला आधी. वाहन नंबर चुकीचा पडला तर क्लार्क पावती रद्द करतो. रद्द करणं तातडीचं, म्हणून त्याला वरचं प्राधान्य द्यावं असं कुणालाही वाटेल. पण मग 'रद्द' हा निरोप ज्या पावतीबद्दल आहे तिच्याही पुढे जाईल. छपाईची प्रोसेस रद्द करायला पावती शोधेल, तिला सापडणार नाही, आणि मागून ती पावती आरामात छापली जाईल. ज्या निरोपांचा क्रम महत्त्वाचा आहे ते एकाच प्राधान्याचे ठेवले. वरचं प्राधान्य फक्त 'काटा बंद' या एका निरोपाला.

हे सगळं ऑफिसात चाललं. छपाईची प्रोसेस मुद्दाम मारायची, चार-पाच टोकनं टाकायची, प्रोसेस पुन्हा चालू करायची, की पावत्या क्रमाने खडखडत बाहेर. सर उभे राहून बघत होते.

कारखान्यावर मात्र चाचणीच्या दिवसांत एक गोष्ट घडली, तिच्यासाठीच हे सगळं लिहितेय.

रात्री काटाघरातून काकांचा, म्हणजे तिथल्या क्लार्कचा, फोन आला. "मॅडम, आकडा वर दिसतोय, नोंद बी होतीया, पण पावती यायची बंद झालीया. गाडीवान पावतीशिवाय काट्यावरनं हलंना."

"काका, प्रिंटरचा दिवा कुठला लागलाय?"

"हिरवाच हाय की. मघाशी कागद अडकलावता, तो काढला, तुम्ही सांगितल्यासारखी छपाई बंद करून चालू केली. तवापास्नं गप हाय."

त्यांना पावत्या जुन्या पद्धतीने स्क्रीनवरून छापून द्यायला सांगितल्या आणि मी घरूनच मशीनवर लॉगिन केलं. छपाईची प्रोसेस जिवंत होती, निरोपाची वाट बघत शांत बसली होती. नोंदीच्या लॉगमध्ये मात्र ओळीवर ओळ: छपाईच्या क्यूत निरोप टाकला. एक म्हणतेय क्यू रिकामी, दुसरी म्हणतेय निरोप टाकले. नाव दोन्हीकडे एकच.

लिनक्सवर डेव्ह फोल्डरमध्ये एमक्यू नावाची फाइल सिस्टीम जोडलेली असते, तिथे प्रत्येक क्यू फाइलसारखी दिसते. कॅट या कमांडने ती वाचली की आत किती बाइट साचलेत ते कळतं. मी तिथली यादी काढली. यादीत एकच नाव, छपाईचं, आणि आत शून्य बाइट. नोंदीची क्यू नाही. पोचेची नाही. फलकाची नाही. पण काटा चालू होता, आकडा फलकावर हलत होता, नोंदी होत होत्या! ज्या क्यू यादीतच नाहीत त्यांच्यावरून निरोप व्यवस्थित जात होते.

मग चालू प्रोसेसची माहिती देणाऱ्या प्रॉक फोल्डरमध्ये नोंदीच्या प्रोसेसने उघडलेल्या फाइलींची यादी पाहिली. प्रत्येक क्यूच्या नावापुढे कंसात 'डिलीटेड'.

तिथे चित्र उलगडलं. क्यूचं नाव कुणीतरी पुसलं होतं. नाव पुसलं तरी ज्यांनी क्यू आधीच उघडली आहे त्यांच्यासाठी ती शेवटचा माणूस बंद करेपर्यंत चालू राहते, म्हणून कुणालाच काही कळलं नव्हतं. काकांनी छपाई पुन्हा सुरू केल्यावर तिने नावाने क्यू मागितली, नाव सापडलं नाही, म्हणून त्याच नावाची नवीन क्यू तयार झाली. नोंदीची प्रोसेस जुन्या, बिननावाच्या क्यूत पावत्या टाकत राहिली आणि छपाई नव्या क्यूसमोर बसून राहिली.

नाव पुसलं कुणी? आमच्या कोडमध्ये नाव पुसणारा एमक्यू_अनलिंक हा कॉल कुठेच नव्हता. लॉगमधल्या वेळा मागे मागे लावत गेले तेव्हा कळलं की पाळी बदलताना क्लार्क लॉगआउट झाला होता. त्या मशीनवर आमच्या सर्व्हिस त्याच युझरखाली बसवलेल्या होत्या ज्या युझरने क्लार्क लॉगिन करतो. आणि लिनक्सवरच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टीम-डी च्या लॉगिन-डी या लॉगिन बघणाऱ्या भागामध्ये रिमूव्ह-आयपीसी नावाची सेटिंग आहे, मुळातच चालू असते. साध्या युझरचं शेवटचं सेशन संपलं की त्याच्या मालकीच्या सगळ्या मेसेज क्यू, सेमाफोर, शेअर्ड मेमरी, म्हणजे प्रोसेसनी आपसात वापरायच्या गोष्टी, ती साफ करते. त्या युझरच्या सर्व्हिस मागे चालू आहेत का, हे ती बघत नाही. रूट, म्हणजे मशीनचा मुख्य युझर, आणि सर्व्हिस चालवण्यासाठी असलेले सिस्टीम युझर यांना यातून सूट आहे. पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजातही याच सेटिंगबद्दल इशारा दिलेला आहे, कारण तो डेटाबेसही शेअर्ड मेमरी आणि सेमाफोर वापरतो.

या बिघाडाची खोच अशी की कारण आणि लक्षण यांच्यात तासांचं अंतर होतं. लॉगआउट झालं तेव्हा काहीच बिघडलं नाही. कितीतरी वेळाने एक कागद अडकला आणि दोष प्रिंटरवर जायची वेळ आली. काकांनी 'छपाई बंद करून चालू केली' हे सांगितलं नसतं तर मी कितीतरी वेळ प्रिंटरच तपासत बसले असते. लोक फोनवर सांगतात ते शब्दन्‌शब्द लिहून घ्यायची सवय मला इथे उपयोगी पडली.

उपाय दोन होते. सेटिंग बंद करायची, किंवा सर्व्हिससाठी वेगळा सिस्टीम युझर करायचा. मी दुसरा निवडला. सेटिंग मशीन बदललं की विसरली जाते, युझर आमच्या इन्स्टॉलच्या स्क्रिप्टमध्येच तयार होतो. शिवाय क्लार्कच्या लॉगिनखाली वजनाची प्रोसेस चालणं तसंही बरोबर नाही.

त्यासोबत आणखी एक बदल केला. आता क्यू बनवायचं काम फक्त नोंदीची प्रोसेस करते. बाकीच्या सगळ्या फक्त असलेली क्यू उघडतात, नसेल तर चूक दाखवून थांबतात आणि क्लार्कच्या स्क्रीनवर लाल पट्टी येते. ज्याला त्याला क्यू बनवायची मुभा होती म्हणूनच दोन प्रोसेस एकाच नावाने दोन ठिकाणी बसू शकल्या. गप्प बसून वाट बघणाऱ्या प्रोसेसपेक्षा ओरडून थांबणारी मला कधीही चालेल. नोंदीची प्रोसेस दर मिनिटाला एमक्यू_गेटअ‍ॅटरने प्रत्येक क्यूत किती निरोप साचलेत तेही लिहिते. छपाईचा आकडा वीसवर गेला की काकांना बेल ऐकू येते, कागद अडकल्याचं त्यांना गाडीवानाच्या आधी कळतं.

निरोप आल्याची सूचना देणारं एमक्यू_नोटिफाय मी शेवटपर्यंत वापरलं नाही. एका क्यूवर एकच प्रोसेस त्यासाठी नाव नोंदवू शकते, रिकाम्या क्यूत निरोप आला तरच सूचना मिळते, आणि एकदा मिळाली की पुन्हा नोंदवावं लागतं. ईपोल असताना त्याची गरज पडत नाही.

नंतर पाळी बदलताना मी मुद्दाम काटाघरात थांबले. काकांना लॉगआउट करायला सांगितलं, छपाई बंद करून चालू केली, मग नोंदीची प्रोसेस, मग मशीनचीच वीज काढली. मशीन पुन्हा उठल्यावर राहिलेल्या पावत्या 'दुय्यम प्रत' असं लिहून छापल्या गेल्या आणि डेटाबेसमधल्या नंबरांशी काकांनी स्वतः एकेक ताडून पाहिल्या.

रिकाम्या वजनाचा काटा दुसऱ्या गेटवर आहे, त्याचं मशीन वेगळं. कर्नेलची क्यू एका मशीनच्या बाहेर जात नाही, त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंना स्थानिक क्यू ठेवून मधे टीसीपीवरून, म्हणजे नेटवर्कवरून, निरोप नेणारी एक छोटी प्रोसेस लिहायला घेतली आहे. तीसुद्धा रिकामं वजन आधी त्याच मशीनच्या डिस्कवर लिहिते, मग पलीकडे पाठवते, आणि पलीकडून पोच आल्याशिवाय ती नोंद मिटवत नाही. दोन गेटांमधली केबल उसाच्या ट्रॉल्यांखाली तुटण्याची शक्यता असते. ती तुटून तासाभराने जोडली तर काय होतं, याची चाचणी पुढच्या आठवड्यात आहे.